खळीनं चिकटवलेलं प्रकरण

ता. ३, मंगळवार

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

आज आलेलं: बाबांच्या ऑफिसातून तीन खोकी, हमाली साठ. चाळीस ठरले होते, पण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो माणूस भिंतीला टेकला तेव्हा मलाच कसंतरी झालं. डोळ्यांच्या थेंबांची बाटली, एकशे नव्वद. काळा चष्मा एक, दवाखान्यातून फुकट. तुझ्याकडून काही नाही, त्याला खर्च नाही.

ह्यात टोमणा शोधत बसू नकोस. तू उत्तर देत नाहीस, पण पाकीटही परत येत नाही, म्हणजे तिकडे कुणीतरी ते घेतंय, एवढ्यावर मी लिहिते. सहा वर्षं झाली, आता हाताला सवय झाली आहे.

बाबांचा डावा डोळा गेला हे मागे कळवलं होतं. उजव्याचं ऑपरेशन महिनाअखेरीला, तीस तारखेला ठरलंय. डॉक्टरीणबाई तरुण आहे, पण आडपडदा न ठेवता बोलते. म्हणाली, "काकू, निम्मी आशा धरा." मी म्हटलं, निम्म्यात भागवायची सवय आहे मला. तोवर वाचन पूर्ण बंद. तुझ्या बाबांना वाचन बंद म्हणजे काय ते तुला सांगायला नको. खुर्चीत काळा चष्मा लावून बसतात आणि मांडीवर बंद पुस्तक. बोटानं कडा चाचपत राहतात. मला बघवत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात काम काढते.

ऑफिसनं खोकी का पाठवली ते सांगायचं राहिलं. नव्या साहेबांनी यांना "आता आराम करा" असं सांगितलं. सांगायची पद्धत चांगली होती, हार-नारळाचा घोळ केला नाही, तेवढं बरं. खोक्यांत यांनी ज्यांची ज्यांची जाहिरात केली ती सगळी पुस्तकं आहेत. मी दोन दिवस पुसते आहे. मागच्या कव्हरावरचा मजकूर यांचाच. 'हातातून सुटणार नाही.' 'प्रत्येक घरात असायलाच हवं.' किती पुस्तकांवर हे लिहिलंय म्हणून सांगू. आणि आमच्या घरात त्यांतलं एकही कधी आलं नाही, आज हमाली देऊन आलं.

घरची पुस्तकं वेगळी, ती तुला ठाऊक आहेत. सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं, वर नाव नाही, काही नाही. लहानपणी तू विचारायचीस, बाबांना कोणतं कोणतं हे कसं कळतं? वासानं, असं ते म्हणायचे. मला त्यांनी एकदा खरं कारण सांगितलं होतं. दिवसभर लोकांच्या पुस्तकांची नावं ओरडायची, घरी तरी बिननावाची असू देत. कव्हरं चिकटवायला माझ्याच मैद्याची खळ. महिन्याच्या हिशेबात 'मैदा, खळीसाठी' अशी वेगळी ओळ आहे, अजून लिहिते. त्या पुस्तकांची शेवटची काही पानंही ते कागदाच्या पट्टीनं गुंडाळून चिकटवतात. मला वाटायचं, फाटू नयेत म्हणून असेल.

आणि तो बिस्किटांचा डबा. जुन्या बाजारातल्या पुस्तकांत जे सापडायचं ते सगळं त्यात: कुणाची केसांची पिन, धोब्याची पावती, वाळकं पान, एका बाईनं अर्धवट सोडलेली वाणसामानाची यादी. ती यादी यांनी मला वाचून दाखवली होती आणि विचारलं होतं, हिचं पुढे काय झालं असेल? मी म्हटलं, तेल संपलं असेल. तो डबा टाकायला निघाले तर यांनी हात धरला. ठेवलाय.

देवाच्या कृपेनं बाकी ठीक. पाठ दुखते.

तुझी आई

&nbsp;

ता. ८, रविवार

चि. टिटवीस आशीर्वाद.

आज काही आलं नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई चांगुलपणानं आल्या होत्या, रोज तासभर वाचून दाखवीन म्हणाल्या. यांनी हात जोडून नको सांगितलं. त्या गेल्यावर मला म्हणतात, "ती भावना घालून वाचते. मला नुसते शब्द हवेत. तू वाच."

"म्हणजे मला भावना नाहीत."

"आहेत. पण तू त्या जपून वापरतेस."

मॅट्रिकला माझे भाषेत बरे मार्क होते, पण त्याला आता काय. त्यानंतर वाचलं ते देवाधर्माचं, तेही मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. तेव्हा मी वाचायला बसले की सूर लागतोच. पहिल्याच पानाला हे म्हणाले, अगं, ही कादंबरी आहे, इथे शेवटी पुण्य लागत नाही. मी म्हटलं, ऐकायचं तर असंच ऐका.

कोणतं पुस्तक ते आता सांगते. यांनीच सांगितलं, वरून दुसरा कप्पा, डावीकडून चौथं, कव्हराचा कोपरा दुमडलेलं. काढलं, उघडलं. तुझं निघालं.

मी उभीच राहिले. तू दोन प्रती आणल्या होत्यास, एक यांना, एक मला. माझी मी देवाच्या पुस्तकांखाली ठेवली आणि उघडली नाही. रागानं नाही. लोकांनी तोंडावर सांगितलं होतं की त्यात आई आहे म्हणून. मला वाटलं, जे माझ्याबद्दल आहे ते मला ठाऊकच असेल, वाचून काय वेगळं कळणार. आणि यांनी तर उघडलंच नाही असं आपण दोघी समजून होतो. तू त्याच समजुतीवर घर सोडलंस.

पुस्तक उघडताच आपोआप मधोमध उघडलं, इतकं ते वापरलेलं होतं. शेवटच्या पानांना मात्र पट्टी.

मी वाचायला लागले. दुपारची वेळ, खिडकी अर्धी लावलेली. पहिलं प्रकरण झालं, दुसरं सुरू झालं. मग एका पानाच्या तळाशी आले आणि हे म्हणाले, "थांब. पुढची चार पानं सोड."

"का?"

"नुसतं वर्णन आहे. मला झोप येईल."

सोडली. पुन्हा तिसऱ्या प्रकरणात तेच. दोन पानं सोड, इथे ती फार लांबवते. आणि बरोबर त्याच ओळीपाशी थांबवायचे, काळा चष्मा लावून, पुस्तकाकडे न बघता. मधे एकदा तर मी वाक्य संपवायच्या आत त्यांच्या ओठांवर ते पूर्ण झालं. त्यांचं त्यांना कळलंही नाही.

तुला सांगते टिटवे, जो माणूस असं थांबवतो त्याला ते पुस्तक पाठ असतं.

मधे वाचता वाचता यांच्या ऑफिसच्या छापखान्याचा उल्लेख आला, तेव्हा हे एकटेच हसले. म्हणाले, ती लहान असताना संध्याकाळी मला न्यायला यायची आणि कागदाच्या गठ्ठ्यावर झोपून जायची. खांद्यावर टाकून घरी आणायचो. कुंभकर्ण होती कार्टी, वाटेत मी वाचत आलो तरी जाग यायची नाही. मग म्हणाले, पुढे वाच.

दूध तापत ठेवलं आहे, थांबते.

तुझी आई

&nbsp;

ता. १२, गुरुवार

चि. टिटवीस,

सोडलेली पानं मी वाचली. यांना दुपारी डोळा लागला की मी स्वयंपाकघरात पुस्तक नेत होते. त्यापायी एकदा दूध उतू गेलं. माझ्या हातून लग्नानंतर पहिल्यांदा. हिशेबात लिहिलंय, 'दूध, अर्धा लिटर, वाया.' कशापायी ते लिहिलं नाही.

सोडलेली सगळी पानं माझी निघाली. साखर मोजून देणारी आई. बाबांच्या जुन्या पँटची शाळेची पिशवी शिवून देणारी. पोरीच्या पहिल्या कवितेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहिणारी. हे शेवटचं माझ्या लक्षात नव्हतं, पण खोटं नसणार. कोरा कागद मी कधी टाकत नाही.

रडले वगैरे नाही. थकवा आला. एखादं ओझं दिवसभर वाहून मग वजनाच्या काट्यावर ठेवावं आणि आकडा बघावा, तसं. एवढं होतं तर.

पिशवीबद्दल मात्र एक लिहायचं आहे. तिला आतून मी फुलांचं अस्तर लावलं होतं, माझ्या लग्नातल्या परकराचं. ते तू पुस्तकात घेतलं नाहीस. पिशवी बाहेरूनच लिहिलीस. लिहिणाऱ्याला सगळं घेता येत नसेल, मला त्यातलं कळत नाही.

आणि ती आई कुठेच हसत नाही. खरंच हसत नव्हते का मी? यांना विचारावं म्हटलं तर कसं विचारू. शेवटी काल जेवताना सरळच सांगितलं, की मी सोडलेली पानं वाचली.

त्यांचा हात ताटातच राहिला. म्हणाले, "कधी?"

"दूध उतू जाईपर्यंत."

ताटातला भात बोटांनी सारखा केला. मग म्हणाले, "मग?"

"बरोबर लिहिलंय. साखरेचा डबा तेवढा पितळी नव्हता, पत्र्याचा होता. आपल्याकडे पितळी कुठून येणार."

तेव्हा हे जे हसले ते थांबेनात. डॉक्टरीणबाईनं डोळ्यांवर ताण नको म्हणून बजावलंय, आणि यांच्या चष्म्याखालून पाणी. मीही हसले. तेव्हा लक्षात आलं, मी हसते. तू घरात असताना कमी हसले असेन, त्या वर्षांत शीण फार होता. एवढंच.

आता पुढची पानं मी सोडत नाही. माझी येतात तीही त्याच सुरात वाचते. हे मान खाली घालून ऐकतात.

तुझी आई

&nbsp;

ता. १७, मंगळवार

चि. टिटवीस आशीर्वाद.

आज आलेलं: दवाखान्याचा कागद, सही करून परत द्यायचा. बसचं भाडं जाता-येता चोवीस. मोसंबी सहा, बाबांसाठी.

पुस्तक पट्टीपर्यंत आलं. मी नखानं पट्टी सोडवायला गेले तर हे म्हणाले, "मिट आता."

"एक प्रकरण राहिलंय."

"ते राहू दे."

मला वाटलं, पुन्हा माझंच काही असेल. म्हटलं, आता माझं काय लपवायचंय, वाचू दे. तर म्हणाले, तुझं नाही, कुणाचं आहे ते मलाही माहीत नाही. मी ते वाचलेलं नाही.

मग मी खुर्चीसमोर पाटावर बसले आणि म्हटलं, आज मला नीट सांगा.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. ऑफिसात एकेका आठवड्यात पाच-सहा पुस्तकांचा मजकूर लिहायचा असायचा. सगळी वाचायला वेळ कुठला. म्हणून त्यांनी एक रीत बसवली होती: पहिलं प्रकरण, शेवटचं प्रकरण आणि मधलं कुठलंही एक पान. तेवढ्यावर दुपारभरात पाठचा मजकूर तयार. लेखक खूश, साहेब खूश. हळूहळू असं झालं की शेवट वाचला की डोक्यात आपोआप जाहिरात सुरू व्हायची, थांबायची नाही. एखादं पुस्तक जिवाला लागलं तरी तेच, शेवटच्या ओळीला 'हातातून सुटणार नाही' कानात वाजायचं. म्हणून जी आवडायची त्यांचा शेवट त्यांनी वाचायचाच सोडला. पट्टी लावायची आणि कव्हर घालायचं. कपाटात जेवढी खाकी पुस्तकं आहेत, त्यांतल्या एकाचाही शेवट तुझ्या बाबांना माहीत नाही.

मी उठून पाच-सहा काढून पाहिली. सगळ्यांना पट्ट्या. आणि मी इतकी वर्षं समजत होते, फाटू नयेत म्हणून.

आता ती संध्याकाळ आठव. आपण तिघं जेवायला बसलो होतो. तू विचारलंस, बाबा, पुस्तक कसं वाटलं. हे म्हणाले, चांगलं आहे. तुला वाटलं, हे तर सगळ्यांनाच म्हणतात. मग तू विचारलंस, शेवटी कोण येतं सांगा. हे गप्प. तू पुन्हा विचारलंस. हे पाणी प्यायले. तेव्हा तू म्हणालीस, "पैसे देणाऱ्यांच्या पुस्तकाचं शेवटचं पान तरी वाचता. माझं उघडलंसुद्धा नाहीत." ताट तसंच टाकून उठलीस. ते अन्न मी दुसऱ्या दिवशी खाल्लं.

मी यांना विचारलं, त्याच वेळी का नाही सांगितलंत?

म्हणाले, "काय सांगायचं? की तुझं पुस्तक इतकं आवडलं की मी संपवलं नाही? माझ्या तोंडून हे वाक्य ऐकून ती म्हणाली असती, ही पण जाहिरात."

मला ते पटलं. रागही आला, दोघांचा. एकाला बोलता येईना आणि दुसरीला थांबता येईना, आणि मधे मी दोघांचं ताट घासते आहे.

मग मी गेले आणि देवाच्या पुस्तकांखालची माझी प्रत काढली. तिला पट्टी नाही. शेवटचं प्रकरण वाचलं, उभ्यानं, दाराच्या चौकटीला टेकून. काय वाचलं ते उद्या लिहीन. आज हात चालत नाही.

तुझी आई

&nbsp;

ता. १८, बुधवार

चि. टिटवे,

कालचं पाकीट टाकायला गेले नाही, दोन्ही एकातच घालते, एक तिकीट वाचेल.

तर त्या प्रकरणात ती छापखान्यातली पोर आहे. कागदाच्या गठ्ठ्यावर झोपलेली. बाप तिला खांद्यावर घेतो, दुसऱ्या हातात पुस्तक. रस्त्यात दिवे लागलेले. बाप एका दिव्याखाली थांबतो, चार ओळी वाचतो, पुढच्या दिव्यापर्यंत चालतो, पुन्हा थांबतो. घर जवळ, पण पोचायला वेळ लागतो. आणि पोर जागी आहे. पहिल्या दिव्यापासून जागी. डोळे मिटून घेते, मान टाकते, कारण ती जागी आहे हे कळलं तर बाप पुस्तक बंद करील आणि तिच्याशी बोलायला लागेल. दिवसभर लोकांची पुस्तकं विकणाऱ्या बापाला स्वतःसाठी वाचायला मिळतं ते एवढ्याच वाटेवर, हे तिला तेवढ्या वयात समजलेलं आहे. ती रोज झोपेचं सोंग करते. तिच्यापाशी द्यायला तेवढंच असतं.

टिटवे, त्यांना हे माहीत नाही. ते अजून कुंभकर्ण म्हणतात. आठ तारखेच्या पत्रात मी लिहिलंच आहे, ते उलटून बघ.

तुला वाटलं असेल, त्यांनी ते वाचलं आणि तरी गप्प राहिले. किंवा वाचलंच नाही, आणि म्हणून गप्प राहिले. तू जेवताना जे विचारत होतीस ते पुस्तकाबद्दल नव्हतंच. तू त्यांना सांगत होतीस की मी जागी होते. आणि ते बिचारे शेवट राखून ठेवत होते.

मी सांगून टाकू शकले असते. कालपासून ओठांवर आहे. दुपारी थेंब घालताना त्यांचा चेहरा हातात होता, म्हटलं आता बोलावं. बोलले नाही. माझ्या तोंडून ते वाण्याच्या यादीसारखं निघेल, आणि जागं कोण होतं हे ज्याचं त्यानं सांगावं.

संध्याकाळी आडून विचारलं, की समजा टिटवीनंच येऊन ते प्रकरण वाचलं तर?

त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं. अंगठ्यानं पट्टीची कड चाचपली, इकडून तिकडे. मला वाटलं, नाहीच म्हणणार. तीस-पस्तीस वर्षांचा नेम आहे.

"ती वाचणार असेल तर पट्टी मी काढतो," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "निघेल लगेच. तुझा मैदा कधी फार चिकट नव्हताच."

त्यानंतर दोनदा विचारलं, आज कोणती तारीख. मी सांगितली. ऑपरेशन तीसला आहे. निम्मी आशा मी धरून आहे, रोज सकाळी देवापुढे त्याहून जास्त मागते, पण डोळा आला तरी हे प्रकरण ते स्वतः वाचणार नाहीत, हे मी तुला लिहून देते. त्यांना ते ऐकायचंच आहे, तेही एकाच माणसाकडून.

तुला राग असेल तर तो इथे आणून ठेव, जागा आहे. खोकी रद्दीला दिली, तुझी खोली मोकळी झाली. पिशवीचं अस्तर शिवणाच्या पेटीत सापडलं, उरलेला तुकडा. येशील तेव्हा दाखवीन.

येणार असलीस तर तीसच्या आधी ये, दिवसा ये, जिन्यातला दिवा गेलाय. येणार नसलीस तर तेही लिही, मग मी माझ्या सुरात वाचीन, पुण्य लागो न लागो. पण दोन्हीपैकी एक मला परतीच्या टपालानं कळव. पत्ता घातलेलं पाकीट सोबत ठेवलंय, तिकीट लावून. ते वाया जाऊ देऊ नकोस.

तुझी आई